विमानातून उतरणारे हिरो आणि २८ दिवसांची सुई

लालमाती

मंडळी, दोन वर्षं नुसती वाचनमात्र होते. आज एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून धागा काढतेय.

मी मूळची मिरजेची, पेशाने नर्स. सहा वर्षांपासून ऑस्ट्रेलियाच्या मधोमध, ॲलिस स्प्रिंग्जला मुक्काम. महिन्यातले दोन-तीन आठवडे इथून तीनेकशे किलोमीटरवरच्या एका ॲबोरिजिनल वस्तीतल्या दवाखान्यात ड्यूटी असते. वस्तीचं नाव मुद्दाम देत नाही. चारेकशे माणसं, एक दुकान, एक शाळा, आमचा दवाखाना आणि एक फुटबॉलचं मैदान. फुटबॉल म्हणजे इथली 'फूटी', लंबगोल चेंडूची, हातपाय दोन्ही चालतात ती. मैदानात गवताची काडी नाही. लाल माती आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब. पोरं अनवाणी खेळतात आणि अशी उडी मारतात की बघणाऱ्याचा श्वास अडकावा.

गेल्या महिन्यात एका मोठ्या क्लबचा नावाजलेला खेळाडू छोट्या विमानाने आला. दोन तास थांबला. सह्या, टी-शर्ट, फोटो. तोंड धुवा, शाळेत जा, कोल्ड्रिंक कमी प्या असं बोलला. माणूस सज्जन, मनापासून बोलत होता. मग विमान उडालं, धूळ खाली बसली.

त्या फोटोत सगळ्यात पुढे एक चौदा वर्षांचा मुलगा आहे. त्याला रुमॅटिक हार्ट डिसीज आहे. घशात किंवा कातडीवरच्या फोडांत एक जंतू होतो, शरीर त्याच्याशी लढता लढता चुकून स्वतःच्याच हृदयाच्या झडपा खराब करतं. उपाय म्हणजे दर २८ दिवसांनी पेनिसिलिनची सुई. वर्षानुवर्षं. जाड औषध, मोठी सुई, मांडीत नाहीतर कुल्ल्यात, आणि दुखते म्हणजे अशी की धडधाकट पोरगं दोन दिवस लंगडतं. त्या दिवशी त्याची सुई अकरा दिवस चुकलेली होती. मी कुंपणापाशी यादी घेऊन उभी आणि तो हिरोच्या गळ्यात हात टाकून उभा. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाला, "उद्या."

तर प्रश्न असा. असे हिरो येऊन गेल्याने पोरांच्या तब्येतीत खरंच काही फरक पडतो का? की फोटोपुरतंच? तुमच्याकडचे अनुभवही सांगा, फक्त ऑस्ट्रेलियाचे नकोत.

चहाबाज

पहिला! चहा घेऊन बसलोय. ताई, मिरजेहून ॲलिस स्प्रिंग्ज कसं गाठलंत, त्यावर वेगळा धागा काढा.

स्लिपमधला

फरक पडतो. मोजता येत नाही म्हणून पडत नाही असं थोडंच.

२५ सप्टेंबर २०००. सिडनी ऑलिंपिक, महिलांची ४०० मीटर. मी तेव्हा अकरावीत, घरात टीव्हीपुढे. कॅथी फ्रीमन डोक्यापासून पायापर्यंत तो हिरवा-चंदेरी पोशाख घालून पळाली, ४९.११ सेकंद. जिंकल्यावर नाचली-बिचली नाही, ट्रॅकवर मटकन खालीच बसली. मग ऑस्ट्रेलियाचा आणि ॲबोरिजिनल असे दोन्ही झेंडे घेऊन अनवाणी फेरी मारली. १९९४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत हेच केलं तेव्हा तिच्यावर टीका झाली होती, आणि सहा वर्षांनी अख्खं स्टेडियम उभं. पाम आयलंड या बेटावर तिच्या आईचा जन्म झाला. पुढे २००७ मध्ये तिने स्वतःची संस्था काढली, ती त्याच बेटावरच्या मुलांच्या शिक्षणापासून सुरू झाली. आता सांगा, त्या बेटावरच्या मुलीला "तू पळू शकतेस" हे वेगळं सांगायला लागत असेल का?

खवचट

म्हणजे ४९.११ सेकंदांत देशाचा आरोग्यप्रश्न सुटला. (दिवे घ्या.)

ओवी_पर्थ

पर्थला शाळेत शिकवते, म्हणून दोन शब्द.

इथे क्लॉन्टार्फ फाउंडेशन आहे. २००० साली जेरार्ड नीशम या फूटीच्या माजी प्रशिक्षकाने पर्थमध्ये सुरू केलं. कल्पना साधी: पोरगा शाळेत येत नाही, पण फूटीला येतो. मग शाळेच्या आवारातच फूटीची अकादमी. खेळायचं असेल तर शाळेत हजेरी, वर्तन, अभ्यास सांभाळा. अकादमीचा माणूस सकाळी गाडी घेऊन घराघरात जाऊन पोरांना उठवतो, न्याहारी देतो, डोळे-कान-दात तपासून घेतो. आता देशभर हजारो मुलं आहेत. लालमातीताई, तुमच्या हिरोत आणि यात फरक इतकाच की हा माणूस मंगळवारीही असतो.

पण माझी तक्रारही आहे. वर्षानुवर्षं पैसा मुलांच्या अकादम्यांकडे वाहिला आणि मुली कडेला उभ्या राहून टाळ्या वाजवत राहिल्या. रिकी ग्रेस या बास्केटबॉलपटूने २००४ मध्ये मुलींसाठी अकादमी काढली, नंतर आणखीही काही आल्या. तरी सरकारी पैशात दोघांना सारखा वाटा मिळायला किती वर्षं भांडावं लागलं ते इथल्या शिक्षिकांना विचारा.

लालमाती

ओवी, मुलींबद्दल अगदी अगदी. आमच्याकडे बायका सॉफ्टबॉल खेळतात. आणि कशा! आजी पिचर, नात कॅचर. पण विमानातून सॉफ्टबॉलची हिरॉईन आलेली मी सहा वर्षांत पाहिली नाही.

डोंबिवलीकर

थोडं अवांतर, पण इथे क्रिकेट आल्याशिवाय मराठी धागा पूर्ण होत नाही.

परदेशात दौऱ्यावर गेलेला पहिला ऑस्ट्रेलियन क्रिकेट संघ गोऱ्यांचा नव्हता. १८६८ मध्ये इंग्लंडला गेला तो ॲबोरिजिनल खेळाडूंचा संघ. ४७ सामने: १४ जिंकले, १४ हरले, १९ अनिर्णित. त्यातला सगळ्यात मोठा खेळाडू जॉनी मुलाघ, खरं नाव उनारिमिन. दौऱ्यात १६९८ धावा आणि २४५ बळी. एकट्याने!

आता खरी गंमत. मेलबर्नच्या बॉक्सिंग डे कसोटीत सामनावीराला मुलाघच्या नावाचं पदक देतात, २०२० पासून. पहिलं पदक कोणाला मिळालं? आमच्या डोंबिवलीच्या अजिंक्य रहाणेला! ॲडलेडला ३६ वर गुंडाळलो गेलो, कोहली घरी परतला आणि अजिंक्यने ११२ काढले. पुढच्या वर्षी ते पदक स्कॉट बोलंडला. पदार्पणात ७ धावांत ६ बळी, आणि तो स्वतः ॲबोरिजिनल वंशाचा.

स्लिपमधला

रहाणेच्या नावाने माझ्याकडून एक कडक सलाम. पण डोंबिवलीकर, त्या दौऱ्याचा दुसरा भागही सांगा. किंग कोल नावाचा त्यांचा खेळाडू लंडनमध्येच क्षयाने गेला. आरोग्याचा विषय त्या संघाबरोबरही होताच.

नर्मदाकाठ

एक शंका. आपण 'आदिवासी' म्हणावं की 'मूळनिवासी'? ताईंनी 'ॲबोरिजिनल' लिहिलंय म्हणून विचारलं.

लालमाती

मी तिथली माणसं स्वतःला जे म्हणतात ते लिहिते. खरं तर ती स्वतःला वार्लपिरी, अरेर्न्टे, पिन्टुपी असंच म्हणतात, आपण जसं 'मी भारतीय' म्हणण्याआधी 'मी सांगलीचा' म्हणतो तसं. उत्तरेकडच्या बेटांवरचे टॉरेस स्ट्रेट आयलंडर वेगळे, त्यांना ॲबोरिजिनल म्हटलेलं चालत नाही.

गडचिरोली_मास्तर

नमस्कार. मी आश्रमशाळेत शिक्षक आहे, एकोणीस वर्षं झाली. मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

आमच्याकडे पोरांचा शत्रू खर्रा. बाहेरच्यांसाठी सांगतो: सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून घोटतात. सातवी-आठवीतलं पोरगं दप्तरात पन्नी ठेवतं. जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. २०१६ पासून 'मुक्तिपथ'वाले दारू आणि तंबाखूवर गावागावांत काम करतात. मी स्वतः शाळेत व्यसनमुक्तीची किती भाषणं ठेवली त्याची गणती नाही. एकदा एका मोठ्या पाहुण्यांना बोलावलं होतं. ते फार सुंदर बोलले, पोरांनी टाळ्या वाजवल्या. जाताना पाहुण्यांच्या ड्रायव्हरने शाळेच्या फाटकाशीच पचकन थुंकलं. पोरांना भाषण आठवत नाही, ते आठवतं.

मग खर्रा सुटला कोणाचा? ज्याला पोलीस भरतीत उतरायचं होतं त्याचा. भरतीला मुलांना १६०० मीटर पळावं लागतं, मुलींना ८००. आमच्या गावचा एक माजी विद्यार्थी भरती झाला. सुट्टीत आला की पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर पळायचा. पहिल्या दिवशी एकटा, आठवड्याने मागे सात पोरं. त्याने कोणालाच "खर्रा सोडा" म्हटलं नाही. तिसऱ्या फेरीला जो धापा टाकायचा त्याच्याकडे बघून फक्त हसायचा. पोरांना तेवढं पुरलं.

नाशिकच्या सावरपाड्याची कविता राऊत तुम्हाला माहीत आहेच. डोक्यावर हंडे वाहून नेणाऱ्या पाड्यातली मुलगी, २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुलमध्ये १०,००० मीटरला कांस्य, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. चंद्रपूरच्या आश्रमशाळांतली पाच पोरं २०१८ मध्ये एव्हरेस्टवर गेली तेव्हा आम्ही वर्गात पेपरातला फोटो चिकटवला होता. दोन्हींचा परिणाम झाला, नाही असं नाही. पण भिंतीवरच्या फोटोपेक्षा रस्त्यावरचा पळणारा जवळचा.

चहाबाज

मास्तर, त्या ड्रायव्हरवर एक कथा होईल. प्रतिसाद फार आवडला.

आंबटगोड

+१ मास्तर.

आणि हिरोंच्या जाहिरातींबद्दल कोणीच कसं बोलत नाही? इथे सिडनीत फूटीचा सामना लावला की दर दहा मिनिटांनी सट्ट्याची जाहिरात, मग बिअर. क्रिकेटला लोक तळलेल्या चिकनच्या रिकाम्या बादल्या डोक्यावर घालून बसतात. सोमवारी तेच खेळाडू शाळेत जाऊन सांगणार, "मुलांनो, फळं खा." आपल्याकडे हसू नका हं. आपले हिरो 'वेलची' विकतात. वेलची!

खवचट

वेलचीला नावं ठेवू नका. खीर होत नाही तिच्याशिवाय.

स्टेथो

मी बालरोगतज्ज्ञ, सध्या डार्विनला. धाग्याचा सूर मला पटत नाहीये म्हणून लिहितो. जरा कडक लिहीन.

हा रोग पोरांच्या सवयीचा नाही, घराचा आहे. तीन खोल्यांत बारा-चौदा माणसं झोपतात. नळाला गळती, गरम पाणी बंद, कपड्याचं मशीन मोडलेलं आणि दुरुस्त करणारा महिन्याने येणार. अशा घरात एका पोराच्या घशातला जंतू सगळ्यांना मिळतो, खरजेवर फोड येतात, फोडांतून पुन्हा तोच जंतू. डोळ्यांच्या खुपऱ्यांचंही तेच. श्रीमंत देशांपैकी एकट्या ऑस्ट्रेलियात तो आजार इतकी वर्षं टिकून राहिला, तो काय पोरांना तोंड धुवायचा आळस म्हणून? आणि आपण एक हिरो पाठवतो सांगायला, "तोंड धुवा." कशाने धुवायचं?

काय केल्याने फरक पडला ते सांगतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या दुर्गम वस्त्यांत २००० साली पोहण्याचे तलाव बांधले. 'शाळा नाही तर तलाव नाही' असा नियम. दोन वस्त्यांतल्या मुलांची आधी आणि नंतर तपासणी झाली. एका वस्तीत कातडीवर फोड असलेली मुलं ६२ टक्क्यांवरून १८ वर आली, दुसरीत ७० वरून २० वर. कानाचे फुटलेले पडदेही कमी झाले. क्लोरीनचं पाणी, बस्स.

दुसरं उदाहरण पेट्रोल हुंगण्याचं. मध्य ऑस्ट्रेलियात पोरं डब्यात पेट्रोल घेऊन हुंगायची, मेंदू जळायचे. २००५ पासून 'ओपल' नावाचं पेट्रोल आणलं. गाडी चालते पण नशा होत नाही. प्रमाण झपाट्याने उतरलं. कुठल्या हिरोने ते केलं? पंपाने केलं.

हिरो पाठवण्यात मला धोका दिसतो तो हाच. सरकारचं काम पोराच्या इच्छाशक्तीवर ढकललं जातं.

स्लिपमधला

डॉक्टर, मुद्दा जोरदार. पण तलावात उतरायलाही पोरगं यावं लागतं ना.

स्टेथो

उकाड्यात चाळीस डिग्रीला पोराला तलावात उतरवायला ऑलिंपिकपटू लागत नाही हो.

खवचट

धाग्यात पहिल्यांदाच कोणीतरी माझ्यापेक्षा खवचट. मी रजेवर जातो.

लालमाती

डॉक्टर, घराबद्दल शंभर टक्के मान्य. आमच्या वस्तीत कोबीचा गड्डा ट्रकने तीनशे किलोमीटर येतो, किंमत बघून मी स्वतः दोनदा खाली ठेवलाय. कपड्यांचं मशीन बंद पडलं की बायका दवाखान्यातलं वापरायला येतात, आणि आम्ही वापरू देतो.

पण पेट्रोलच्या गोष्टीत अर्धं राहिलं. ओपल यायच्या आधी अकरा वर्षं, १९९४ मध्ये, युएन्डुमू नावाच्या वार्लपिरी वस्तीतल्या वडीलधाऱ्यांनी, त्यात म्हाताऱ्या बायका पुढे, हुंगणाऱ्या पोरांना उचलून दूर माउंट थिओ या त्यांच्या जुन्या जागेवर नेऊन ठेवायला सुरुवात केली. तिथे पेट्रोल नाही, दुकान नाही. शिकार, गोष्टी, आराम. आणि इकडे वस्तीत रोज संध्याकाळी खेळ, बास्केटबॉल, नाचगाणी, म्हणजे पोरांना कंटाळाच येऊ नये. पंपाच्या आधी आज्या होत्या.

स्टेथो

हे मान्य. आज्यांपुढे माझं काही चालत नाही, घरीही नाही.

मॅरेथॉनवेडा

मेलबर्नहून. मी स्वतः पळतो म्हणून ही गोष्ट मनापासून माहीत आहे, आणि ताईंच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर यात असावं असं वाटतं.

रॉबर्ट डी कॅस्टेला, १९८३ चा मॅरेथॉन विश्वविजेता, इथे त्याला सगळे 'डीक' म्हणतात. त्याने ठरवलं की मूळनिवासी धावपटूंना न्यूयॉर्क मॅरेथॉन पळायला न्यायचं. २०१० मध्ये चार जण गेले. ॲलिस स्प्रिंग्जचा चार्ली माहर, कुनुनुर्राचा जोसेफ डेव्हिस, मॅनिनग्रिडाचा जुआन डार्विन आणि डार्विनचा केलेब हार्ट. चौघांनीही शर्यत पूर्ण केली. वाळवंट आणि उत्तरेच्या उकाड्यातली माणसं, नोव्हेंबरच्या न्यूयॉर्कच्या थंडीत. काही महिन्यांपूर्वी यांतल्या कोणी एवढं लांब पळायचा विचारही केला नव्हता.

त्यानंतर दरवर्षी देशभर फिरून डझनभर तरुण निवडतात, मुलं आणि मुली दोन्ही. निवडताना सगळ्यात जोरात पळणारा घेत नाहीत, हे मला सगळ्यात आवडतं. मुलाखत होते. गावात तुझं ऐकतात का, परत गेल्यावर काय करणार, हे विचारतात. ट्रेनिंगबरोबर आरोग्य आणि व्यायामाचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, प्रथमोपचार शिकावे लागतात. मग न्यूयॉर्क. मग घरी. घरी जाऊन धावण्याचा गट काढायचा, शनिवारी बायका-पोरं-म्हाताऱ्यांना गोळा करून दोन किलोमीटर चालवायचं. शंभरहून जास्त माणसं आतापर्यंत या वाटेने गेली. म्हणजे हिरो विमानाने येत नाही. विमानाने जातो आणि परत येतो.

खवचट

(रजेवरून) पण न्यूयॉर्कच का? ॲलिस स्प्रिंग्जलाच ४२ किलोमीटर पळा की. पैसे वाचतील, त्यात मशीनं दुरुस्त होतील.

मॅरेथॉनवेडा

हा प्रश्न इथेही विचारतात. माझं म्हणणं: तुमच्या गल्लीतला पोरगा "मी हडपसरपर्यंत पळालो" म्हणाला तर तुम्ही मान हलवाल. "न्यूयॉर्क पळालो" म्हणाला तर त्याच्या हातचा चहा प्याल आणि तो सांगेल ते ऐकाल.

खवचट

हडपसरपर्यंत ट्रॅफिकमधून पळाला असेल तर मी पदक देईन.

नर्मदाकाठ

आता जरा उलटी बाजू. आपण हिरोवर किती ओझं टाकतो?

त्याच युएन्डुमूचा लियम जुरा. वाळवंटातल्या वस्तीत वाढलेला, वार्लपिरी संस्कार झालेला, २००९ मध्ये मेलबर्नकडून फूटीच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये उतरला. २०१० मध्ये त्याने हवेत घेतलेला एक झेल वर्षातला सर्वोत्तम ठरला. शहर वेगळं, भाषा वेगळी, घरी नात्यांचे ताणतणाव, आणि डोक्यावर अख्ख्या वाळवंटाची अपेक्षा. काही वर्षांत कारकीर्द संपली, पुढे कोर्टकचेऱ्या. कालपर्यंत "आमच्या पोरांचा आदर्श" म्हणणारे गप्प.

फूटीपटू ॲडम गुड्सचं बघा. २०१४ चा 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर'. वर्णद्वेषावर बोलला म्हणून मैदानांतून त्याची हुर्यो उडवली, आठवड्यामागून आठवडे, आणि २०१५ मध्ये तो खेळातून गेला तो निरोपाची फेरीही न मारता. १९९३ मध्ये निकी विनमार या फूटीपटूने शिव्या देणाऱ्या प्रेक्षकांपुढे जर्सी वर करून आपल्या काळ्या कातडीवर बोट ठेवलं होतं. त्याला बावीस वर्षं झाली होती.

ग्रेग इंगलिस रग्बी लीगचा एवढा मोठा खेळाडू, पण पोरांपुढे तो स्वतःच्या नैराश्याबद्दल, उपचारांबद्दल बोलतो. त्यासाठी त्याने 'गोआना अकादमी' काढली. मला तो जास्त उपयोगाचा वाटतो. धडधाकट माणसाने "तब्येत सांभाळा" म्हणणं सोपं असतं.

गडचिरोली_मास्तर

नर्मदाकाठ, शेवटचं वाक्य वहीत लिहून घेतलं.

ओवी_पर्थ

टेनिसवाली ॲश बार्टीही आठवली, तीही मूळनिवासी वंशाची. २०२१ ला विम्बल्डन खेळताना तिने ॲबोरिजिनल विजेती इव्हॉन गूलागाँग हिच्या १९७१ च्या पोशाखाची आठवण करून देणारा स्कर्ट घातला होता. बरोबर पन्नास वर्षं. जिंकलीही. आणि पुढच्या वर्षी, पहिल्या क्रमांकावर असताना, पंचविसाव्या वर्षी "पुरे झालं" म्हणून थांबली. मुलींना हेही कळायला हवं की थांबता येतं.

डोंबिवलीकर

रहाणेलाही थांबवलं होतं हो, पण ते निवडसमितीने.

चहाबाज

झालं, आला परत क्रिकेटवर. ताई कुठे गेल्या? त्या मुलाची सुई झाली का?

लालमाती

आहे, आहे. वस्तीत होते, तिथे नेट मनात येईल तेव्हा चालतं. सगळे प्रतिसाद आज एकदम वाचले.

सुई झाली. बावीस दिवस उशिरा, पण झाली. कशी झाली ते सांगते.

वस्तीच्या फूटी टीमचा एक कोच आहे. चाळिशीचा, दुकानात माल उतरवतो. स्वतः कधी मोठ्या क्लबात खेळला नाही, त्याचा फोटो कुठे छापून आलेला नाही. मागच्या आठवड्यात संध्याकाळी सराव संपल्यावर पोरं पाण्याच्या टाकीपाशी बसली होती. मी गाडीत औषधांचा थंड डबा ठेवत होते, त्यामुळे दिसत होतं. आमचा हा मुलगा लंगडल्याची नक्कल करत होता, सुई घेतलेल्या दुसऱ्या एकाची टिंगल. पोरं हसत होती.

कोच काही बोलला नाही. त्याने जर्सी वर केली. छातीच्या मधोमध वरपासून खालपर्यंत जुना व्रण, शिवलेला. एकोणीस वर्षांचा असताना ॲडलेडला नेऊन झडप बदलली होती. यांत्रिक झडप. त्याने पोराचा हात धरून छातीवर ठेवला. शांतता असली की ती झडप ऐकू येते, घड्याळासारखी टिक टिक. मी आधी ऐकलेली आहे.

अशी झडप बसवली की रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या जन्मभर. आणि त्या गोळ्या चालू असताना फूटीसारखा अंगावर येणारा खेळ बंद. एक जोरदार धडक आणि आतल्या आत रक्तस्राव. म्हणजे याने एकोणिसाव्या वर्षी खेळणं सोडलं, म्हणून कोच झाला. हे मला सहा वर्षांत माहीत नव्हतं. मी त्याला उत्साही कोच समजत होते.

तो पोराला त्यांच्या भाषेत तीन-चार वाक्यं बोलला. मला त्यातले दोनच शब्द कळले, 'सुई' आणि 'फूटी'.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मुलगा दारात. बर्फाची पिशवी मांडीवर दहा मिनिटं ठेवली, औषधात भुलीचं थोडं मिसळलं, हळूहळू दिली. त्याने भिंतीकडे तोंड केलं होतं. भिंतीवर त्या विमानातून आलेल्या खेळाडूचं पोस्टर आहे, सही केलेलं. सुईभर तो त्या पोस्टरकडेच बघत होता. त्यामुळे माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर काय द्यावं ते मलाच कळत नाहीये.

स्टेथो

ताई, एक व्यावसायिक शंका. कोचला मुलाचा आजार कसा माहीत? रुग्णाची माहिती बाहेर गेली तर तुमची नोकरी जाईल.

लालमाती

माझ्याकडून शब्द गेलेला नाही, डॉक्टर. चारशे माणसांच्या वस्तीत कोण दवाखान्यातून लंगडत निघालं ते कुत्र्यालाही माहीत असतं. आणि कोच त्या मुलाचा मामा लागतो. इथे निम्मी वस्ती मामाच लागते, पण हा सख्खा.

स्टेथो

मग ठीक. झडपेबद्दल मी काही बोलत नाही. घरं मात्र बांधलीच पाहिजेत, हे पुन्हा लिहून ठेवतो.

लालमाती

लिहा. मशीन आजही बंदच आहे.

गडचिरोली_मास्तर

ताई, पुढची सुई कधी?

लालमाती

२८ दिवसांनी, मास्तर. त्या शनिवारी मॅच आहे, दीडशे किलोमीटरवर. आदल्या दिवशी दिली तर पोरगं लंगडत खेळणार, म्हणून कोच आज विचारायला आला होता की सुई बुधवारी देता येईल का. म्हटलं, दोन दिवस आधी चालतं, पण नंतर नाही.

चहाबाज

बुधवारी धागा वर काढतो.